नोंदीतला ‘पक्षी’ खोडून द्या: संरक्षण मंत्रालय आणि हवाई दलास खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार
मा. हवाई दल प्रमुख
नवी दिल्ली

महोदय,

मी बेळगाव तालुक्यातला. सांबऱ्याच्या विमानतळापासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर माझं गाव. हवाई दलात रडारसमोर नोकरी केली, आता निवृत्त होऊन शेती बघतो. आमच्या भागात यात काही विशेष नाही. खानापूर घ्या, निपाणी घ्या, पलीकडे चंदगड-गडहिंग्लज घ्या, कुणाचा ना कुणाचा मुलगा फौजेत असतोच. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, सांबऱ्यात हवाई दलाची प्रशिक्षण शाळा, आणि तिथली धावपट्टी तर १९४२ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी इंग्रजांनी केलेली. वर आवाज झाला की आमच्याकडची पोरं अजूनही हातातलं काम टाकून विमान ओळखायला धावतात. मीही तसाच धावायचो.

हे पत्र एका शब्दाबद्दल आहे. तो मी लॉगबुकात लिहिला होता आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने खोडला.

जागा आणि साल इथे सांगणार नाही. ते सांगायचं नसतं एवढी शिस्त अजून अंगात आहे. थंडीचे दिवस, सपाट मुलूख, रात्रीची ड्यूटी. दोन वाजून गेल्यावर स्कोपवर, म्हणजे रडारच्या पडद्यावर, एक ठिपका आला. सत्तर किलोमीटरच्या आसपास. आयएफएफचं उत्तर नाही, म्हणजे आपल्या विमानाने द्यायची ओळखखूण नाही. कुठल्या उड्डाणाचा एडीसी नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाने दिलेला परवानगी क्रमांक, त्या वेळेला, त्या दिशेला लागू होत नव्हता. अँटेनाची एक फेरी दहा सेकंदांची. एका फेरीत तो ठिपका तीन किलोमीटर सरके, मग दोन फेऱ्या गायब, मग पुन्हा पुढे कुठेतरी उगवे. मी ट्रॅक लावला, म्हणजे त्याची वाट आखायला घेतली, कंट्रोलरला सांगितलं, शेजारच्या युनिटला विचारलं. त्यांच्याकडे काहीच नव्हतं. अकरा वेळा दिसला आणि गेला. मी वेळ, दिशा, अंतर लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘ओळख पटली नाही’.

सकाळी वरिष्ठांनी वही बघितली. रागावले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, “बर्ड लिख दो और बंद करो. ऊपर जवाब कौन देता बैठेगा?”

दहा सेकंदांत तीन किलोमीटर म्हणजे ताशी हजारच्या वर. असा पक्षी नसतो, हे त्यांनाही कळत होतं, मलाही. माझं वय तेव्हा तेवीस. मी रेघ मारली आणि वर ‘पक्षी’ लिहिलं.

आता निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळतो. वाचत गेलो तसा त्या रात्रीचा उलगडा मला बराचसा झाला असं वाटतं, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं. आमच्याकडे पौषात पहाटे गुऱ्हाळाकडे बघितलं तर चुलवाणाचा धूर थोडा वर चढतो आणि मग जणू छताला टेकावा तसा आडवा पसरतो, शेतांवरून लांबच लांब. खाली गार हवा, वर ऊबदार हवा, त्यामुळे धुराला वर जाता येत नाही. रडारच्या लहरींचंही अशा थराखाली तेच होतं. त्या सरळ आकाशात निघून जायच्या ऐवजी वाकतात, जमिनीला लागतात आणि एरवी न दिसणारा डोंगर, पूल, कारखाना यांचा प्रतिध्वनी घेऊन परततात. थर हलला की एक प्रतिध्वनी मावळतो, दुसरीकडे दुसरा उगवतो. स्कोपसमोर बसलेल्याला वाटतं, एकच वस्तू उडी मारत पुढे चालली आहे.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या एका रडारला उन्हाळ्यात चक्क अरबस्तानातल्या जागा दिसत. अंतर हजार मैलांच्या वर. त्या यंत्राचा खरा पल्ला त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. समुद्रावरच्या हवेच्या थरांनी लहरींना नळीसारखी वाट करून दिली होती. रडार आपला एक पल्स, म्हणजे लहरींचा झटका, सोडतं, परत यायची वाट बघतं, मग पुढचा सोडतं. फार लांबून आलेला प्रतिध्वनी पुढचा पल्स सुटल्यावर पोचतो, आणि यंत्र तो नव्याचाच समजतं. लांबचा डोंगर असा जवळ येऊन बसतो. हे त्या काळच्या तंत्रज्ञांनी शोधलं, लिहून ठेवलं, म्हणून आज पुस्तकात आहे. त्यांच्या वरिष्ठांनी ‘पक्षी लिहा’ म्हटलं असतं तर?

पक्ष्यांची गोष्टही तशीच आहे. त्याच युद्धात इंग्रज ऑपरेटरांना स्कोपवर जे सरकते ठिपके दिसत त्यांना ते देवदूत म्हणत. ते पक्ष्यांचे थवे निघाले, तेही कुणीतरी नीट तपासलं म्हणून. ज्वारी निसवायला लागली की आमच्या पूर्वेकडच्या, सौंदत्ती-अथणीकडच्या शेतांवर भोरड्यांचे हजारोंचे थवे उतरतात. खरा पक्षी रडारवर कसा दिसतो, हे माहीत असलेल्या माणसाकडून खोटा पक्षी लिहवून घेतला, की उद्या खऱ्या पक्ष्याची नोंदही कुणी खरी मानत नाही.

महोदय, आपण म्हणाल, एका ठिपक्याचं एवढं काय? म्हणून एक जुनी सकाळ सांगतो. ७ डिसेंबर १९४१, हवाई बेटांतल्या ओआहूच्या उत्तर टोकावर ओपाना नावाचं रडार ठाणं. दोन साधे शिपाई, जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज एलियट. ड्यूटी सात वाजता संपली होती. न्यायला येणारी गाडी उशिरा येणार होती, म्हणून सरावासाठी यंत्र चालू ठेवलं. सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर एवढा मोठा प्रतिध्वनी आला की यंत्रच बिघडलं असं लॉकार्डला वाटलं. सुमारे १३० मैलांवर, उत्तरेकडून. त्यांनी फोन केला. माहिती केंद्रावर लेफ्टनंट कर्मिट टायलर होता. अमेरिकेतून आपलीच बी-१७ बॉम्बफेकी विमानं यायची होती, ती असतील असं समजून तो म्हणाला, काळजी करू नका. ती जपानी विमानं होती. तासाभरात अमेरिकेचा पर्ल हार्बरचा नौदल तळ जळत होता.

पुढे चौकश्या झाल्या. टायलरला शिक्षा झाली नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. त्या कामाचं धड शिक्षण त्याला दिलेलं नव्हतं, हाताशी मदतीला माणूस नव्हता, आणि आलेला ठिपका आपला की परका हे ठरवायची पद्धतच तिथे बसलेली नव्हती. पण मला त्यातली एक गोष्ट सारखी आठवते. त्या दोन पोरांनी यंत्र बंद न करता तो ट्रॅक शेवटपर्यंत कागदावर काढला. ‘काळजी करू नका’ ऐकल्यावरसुद्धा. मी तेवढं केलं नाही.

आपल्या घरचं उदाहरण याहून जिव्हारी लागणारं आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला श्रीनगरहून उडालेलं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. स्कोपवरचा ठिपका आपला आहे हे वेळेत ओळखलं गेलं नाही. त्या ऑक्टोबरात तत्कालीन हवाई दल प्रमुख भदौरियांनी ती आपली मोठी चूक होती, असं उघडपणे मान्य केलं. मी टीव्हीसमोर बसून ते ऐकलं आणि रडलो. त्यात दुःख होतं, आणि आपलं दल खरं बोललं याचा अभिमानही होता.

९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यांच्या रडारवर ती वेगाने येणारी अनोळखी वस्तू होती. आपण दोन दिवसांत ते मान्य केलं, कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवली, आणि २३ ऑगस्टला तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढल्याचं जाहीर केलं. म्हणजे तपास कसा करायचा आणि निकाल लोकांसमोर कसा ठेवायचा, हे आपल्याला येतं. माणसं मेली किंवा शेजारच्या देशाने ओरड केली, की ते होतं. काहीच नुकसान न होता मावळलेल्या ठिपक्याचं मात्र होत नाही, आणि असेच ठिपके रोजच्या ड्यूटीत सर्वांत जास्त येतात. बडगामसारखा प्रसंग येण्याआधी ऑपरेटरचा हात आणि डोळा तयार होतो तो त्यांच्यावरच.

लडाखची हकीगत आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी ती इथे सांगतो, कारण ती आपल्या कामाची चांगली बाजू आहे आणि आमच्या गावांतल्या लोकांपर्यंत ती पोचलेलीच नाही. २०१२ मध्ये पँगाँग सरोवराकडच्या ठाकुंग भागातून सैन्याच्या आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या चौक्या कळवू लागल्या, की क्षितिजावरून पिवळसर प्रकाशगोल वर येतात, तासन् तास चढत राहतात आणि मावळतात. चिनी ड्रोन असतील असा संशय. सैन्याने ते हसण्यावारी नेलं नाही. डोंगरावर फिरतं रडार आणि रेडिओ लहरी तपासणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नेऊन लावले. डोळ्यांना गोळा दिसतोय आणि रडारवर काही नाही, असं झालं. तेव्हा वस्तू धातूची नसावी अशा बातम्या आल्या. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात एका सरोवरावरच्या ३२९ नोंदी झाल्या, त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू आपल्या हद्दीत आल्याची नोंद. मग बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं. त्यांनी वेळा आणि दिशा ताऱ्यांच्या गतीशी ताडून बघितल्या. एक वस्तू शुक्र निघाली, दुसरी गुरू.

लोक हे ऐकून हसतात. मला हसू येत नाही. त्या उंचीवर हवा इतकी विरळ आणि स्वच्छ असते की गुरूकडे बघताना कुणाचाही गोंधळ व्हावा. शिवाय समोर चीन, रात्री उणे तापमान आणि कानात शत्रूच्या ड्रोनच्या बातम्या. त्या जवानाने जे दिसलं ते वेळेसकट, दिशेसकट लिहिलं. त्याची नोंद इतकी चोख होती की तिच्यावरून शास्त्रज्ञांना ग्रह ओळखता आला! रडारवर काही आलं नाही हेही बरोबरच होतं. साठ-सत्तर कोटी किलोमीटरवरच्या गुरूचा प्रतिध्वनी फिरत्या रडारला कुठून येणार? सगळ्यांनी आपापलं काम नीट केलेला तपास होता हा. तो आम्हाला वर्तमानपत्रातून कळला. थंडीत कुडकुडत ती ३२९वी नोंद करणाऱ्या पोराला त्याच्या कमांडरने बोलावून सांगितलं का, की “शाब्बास, तू लिहिलंस म्हणून उत्तर सापडलं, तो गुरू होता”? सांगितलं असेल तर मला त्याच्याइतकाच आनंद होईल.

१९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळच्या विमानतळावर भरदिवसा अनोळखी वस्तू दिसली. विमानं थांबवली, काही दुसरीकडे वळवली. हवाई दलाने सांगितलं, की विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून हवाई संरक्षण यंत्रणा कामाला लावली आणि ती लहान वस्तू नंतर दिसली नाही. शोधाला राफेल गेल्याचं बातम्यांत आलं. ज्या माणसाने टॉवरवरून ती वस्तू पहिल्यांदा बघितली त्याची धाडसाने घेतलेली ती नोंद आहे. विमानतळ बंद करायला लावणारा शब्द तोंडातून काढणं सोपं नसतं. त्या दिवशीच्या तपासाचा निष्कर्ष, गुप्त राखायचा भाग वगळून, प्रसिद्ध करा अशी माझी पहिली विनंती आहे. ‘ओळख पटली नाही’ हाच निष्कर्ष असेल तर तोच छापा.

बेल्जियमने हे केलं. ३० मार्च १९९० च्या रात्री त्यांच्या रडारवर अनोळखी खुणा आल्या, दोन एफ-१६ लढाऊ विमानं उडाली, विमानांच्या रडारनेही काहीतरी पकडलं, सुटलं, पुन्हा पकडलं. हवाई दलाने त्याच वर्षी त्या नोंदी पत्रकारांपुढे ठेवल्या आणि शास्त्रज्ञांनाही दिल्या. पुढे कळलं की काही वेळा एका एफ-१६ ने दुसऱ्या एफ-१६ लाच पकडलं होतं आणि बाकीच्यांत हवेच्या थरांचा खेळ होता. यातून बेल्जियमची अब्रू गेली नाही, त्यांच्या ऑपरेटरांना धडा मिळाला. फ्रान्समध्ये तर अंतराळ संस्थेतच १९७७ पासून या कामाचा विभाग आहे. प्रत्येक प्रकरणाला ओळख पटली, बहुधा पटली, माहिती अपुरी, आणि तपासूनही ओळख पटली नाही, असा चारपैकी एक शेरा मिळतो. २००७ पासून ही कागदपत्रं लोकांसाठी खुली आहेत. त्यांच्याकडे चौथा शेरा लिहिणाऱ्याला कुणी वही बदलायला लावत नाही.

गुप्ततेचा मुद्दा मी जाणतो. कुठलं रडार कुठे, कुठपर्यंत बघतं, काय गाळतं, हे बाहेर जाता कामा नये. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने चिनी फुगा पाडल्यावर रडारची गाळणी, म्हणजे सावकाश हलणाऱ्या वस्तू पडद्यावरून वगळायची सोय, ढिली केली, तेव्हा सावकाश तरंगणाऱ्या वस्तू दिसू लागल्या आणि तीन दिवसांत आणखी तीन पाडाव्या लागल्या. गाळणी कुठे लावली आहे हे शत्रूला कळलं तर तो तिच्या खालून येईल. पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्येच गुप्त भाग वेगळा काढून उरलेला देण्याची सोय आहे. जून २०२१ मध्ये आपल्याच मंत्रालयाने धोरण केलं, की अभिलेख साधारणपणे २५ वर्षांनी खुले व्हावेत. अनोळखी ठिपक्यांच्या जुन्या नोंदी या धोरणात सर्वांत आधी बसाव्यात. ती रडारं केव्हाच भंगारात गेली असतील. नोंद करणारे आम्ही अजून आहोत, विचारलंत तर सांगू शकतो. दहा वर्षांनी असू की नाही कोण जाणे.

आता गावाकडचं. गेल्या थंडीत खानापूर तालुक्यातला माझा मावसभाऊ सकाळी सकाळी मोटारसायकलवर आला, चेहरा उतरलेला.

“आण्णा, भाताच्या खळ्यावर एक पांढरी पेटी पडल्या. फाटका फुगा हाय, दोरी हाय. वर इंग्लिश लिवलंय. बाँब असंल काय?”

“हात लावलास?”

“पोरानं लावला. मग भिऊन हिरीत टाकली.”

आम्ही गळ टाकून ती काढली. हवामानाच्या फुग्याखाली टांगतात ते छोटं यंत्र होतं, तापमान आणि आर्द्रता मोजणारं. निरुपद्रवी. पण त्याने ते पोलिसांना का सांगितलं नाही, हे विचारल्यावर तो म्हणाला, “कुणाला सांगायचं? त्यांनी मलाच बसवून घेतलं तर?” त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे फुगे उडतात, त्यातला एक २०२५ च्या जानेवारीत बिदर जिल्ह्यात गावात उतरला आणि लोक घाबरले. २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री महाराष्ट्रभर आकाशातून जळत गेलेल्या रॉकेटच्या तुकड्यांतलं एक मोठं कडं चंद्रपूरकडे लाडबोरीत पडलं. प्रत्येक वेळी आधी भीती, मग अफवा, उत्तर सगळ्यांत शेवटी.

सीमाभागातल्या माणसाला सूचना वाचता यायला हवी, तर ती कन्नडमध्ये हवी आणि मराठीतही हवी. इथे मी भाषेचं भांडण काढत नाही. शेतात पडलेल्या पेटीला हात लावू नका, हे ज्याच्या शेतात पडली त्याला कळलं पाहिजे, एवढंच. एक फोन नंबर द्या, एक पानाचा नमुना द्या: वेळ, दिशा, क्षितिजापासून किती वर, किती वेळ दिसलं. ग्रामपंचायतीत तो लावा. आणि कळवणाऱ्याला चार ओळींचं उत्तर पाठवा.

तसंच युनिटमध्येही. अनोळखी ट्रॅक लिहिणाऱ्या ऑपरेटरला तपासाचा निकाल लेखी मिळावा, जेवढा देता येईल तेवढा, आणि त्याची मूळ नोंद कुणाच्या सांगण्यावरून बदलली जाऊ नये. बदलायची झाली तर जुनी नोंद वाचता येईल अशी एकच रेघ, बाजूला बदलणाऱ्याची सही आणि कारण. त्या वरिष्ठांवर माझा राग नाही. त्यांच्यावरच्या माणसाला उत्तर नको होतं, म्हणून त्यांनाही नको होतं, आणि शेवटी ती रेघ माझ्या हातून मारली गेली.

या पत्रासोबत मी मंत्रालयाला बंद पाकिटात दुसरं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. त्यात माझं नाव, सेवा क्रमांक, युनिट, तारीख, आणि मला आठवतं ते दिशा-अंतर आहे. ती वही अजून कुठल्या कपाटात असेल तर कृपा करून ते पान काढावं. ‘पक्षी’ हा शब्द खोटा आहे आणि तो मी लिहिला आहे. तो खोडून मूळचा शब्द पुन्हा लिहावा, आणि त्या रात्रीचं हवामान बघून कुणाला उत्तर सापडलं तर ते मला कळवावं. पत्ता पाकिटात दिला आहे.

आपला,
हवाई दलातून निवृत्त एक रडार ऑपरेटर
तालुका बेळगाव